साडेआठचं वाचन

मे महिन्यात, जेव्हा महाडच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं आणि आमच्या गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या जागेवरून हलत नाहीत, तेव्हा आमचे शेजारी तात्या उतेकर रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजतात.

रेवा, ईशान, तुमची आजी गंमत करत नाही. सव्वाआठला ते अंघोळ उरकून, धुतलेला शर्ट घालून परसात येतात. परसाच्या मधोमध सिमेंटच्या ओट्यावर त्यांचं पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, आत बाटली. तात्यांच्या हातात खुणा असलेला काचेचा उभा ग्लास असतो. घड्याळात साडेआठ होईपर्यंत ते शिपायासारखे उभे राहतात. मग नरसाळं काढतात, बाटली ग्लासात उपडी करतात, ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरतात आणि आतल्या हवेकडे नीट बघून घेतात. मग घरात जाऊन रजिस्टर उघडतात आणि लिहितात, शून्य.

ते शेजारी राहायला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी भिंतीवरून विचारलं होतं, "तात्या, आभाळात ढगाचा तुकडा नाही. उघडून बघायचं कशाला?"

"बाई, तुमी शाळेत हजेरी घेत होता ना? पोरगं आलं नाय तर काय करत होता? गैरहजर लिहायचा, का जागा कोरी सोडायचा?"

"गैरहजर लिहायचे."

"मग? शून्य पण वाचनच हाय. कोरी जागा म्हणजे मोजणारा माणूसच नव्हता."

पस्तीस वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवून मला इतकं स्वच्छ उत्तर कधी देता आलं नव्हतं. मी भिंतीवरून खाली उतरले.

तात्या मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. नोकरी पोलादपुरातच, सरकारी कचेरीत. तिथलं पर्जन्यमापक त्यांच्याकडे होतं. ते काम कुणालाच नको असायचं, कारण पावसात साडेआठला हजर राहावं लागतं आणि त्याचा भत्ता नसतो. तात्यांनी ते तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर लोक घराला रंग लावतात, देवाला जातात. तात्यांनी महाडात आमच्या शेजारचं घर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात परसातलं चिकूचं झाड तोडलं. झाडामुळे पाऊस अडतो आणि वाचन खोटं येतं, हे कारण. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, त्यानंतर एक महिना त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या भिंतीपलीकडून मला सांगायच्या, "चिकू लागले असते गो बाई यंदा. ह्यांच्या डब्याला सावली नको, आणि मला मेलीला?" एकदा त्यांनी घाईत तो खुणांचा ग्लास तांदूळ मोजायला वापरला. तात्यांनी त्या दिवशी भात खाल्ला नाही. ग्लास राखेनं नाही, मऊ कापडानं धुवायचा असतो, यावर त्यांनी काकींना अर्धा तास सांगितलं, आणि ते सगळं मला भिंतीतून ऐकू आलं. आमची भिंत सामाईक आहे. त्यांची शिंकसुद्धा मला माझी वाटते.

गल्लीतली पोरं त्यांना 'मिलीमीटर' म्हणतात. तात्यांना त्याचा राग नाही. "सेंटीमीटर म्हणत नायत ना, बास," म्हणतात.

राग आहे तो एकाच गोष्टीचा. महाबळेश्वराचा.

तुम्हाला नकाशा आठवत असेल. आपण इथे खाली, आणि पोलादपूरच्या घाटानं वर चढलं की महाबळेश्वर. दर जुलैमध्ये टीव्हीवर तेच नाव. महाबळेश्वरात इतका पाऊस, महाबळेश्वरानं विक्रम मोडला, धुक्यात भिजणारे पर्यटक, कणसं. तात्या आमच्या घरी बातम्या बघायला यायचे आणि त्या क्षणी उठून उभे राहायचे.

"वर बसलेत म्हणून मोठे. पाणी शेवटी येतं कोणाकडं? सावित्री भरते कोणाच्या दारात? पडतो तिकडं, बुडतो आमी, आणि नाव कोणाचं?"

त्यांची खात्री होती की घाटाखाली कधीकधी वरच्यापेक्षा जास्त पाऊस पडतो, फक्त तो जिथे पडतो तिथे नियमानं मोजायला कुणी उभं नसतं. मध्ये एकदा उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचा पारा सगळ्या देशाच्या वर गेल्याची बातमी आली. तात्या दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उन्हात पहिलं येण्यात काय? उन्हात नुसतं बसायचं असतं. पाऊस पायजे, बाई. एक दिवस. साडेआठ ते साडेआठ, चोवीस तास. खालचा पाऊस वरच्यापेक्षा जास्त. मोजलेला, लिहिलेला, नियमानं."

"आणि मग?"

"मग मी स्ट्रॉबेरी खाईन."

कारण तात्या स्ट्रॉबेरी खात नाहीत. ती तिकडची.

ईशान, तुला तो व्हिडिओ कॉल आठवतो का? तू उत्साहानं सांगितलंस की तुमच्या विनिपेगमध्ये उणे पस्तीस आहे. मी कौतुकानं फोन तात्यांकडे दिला. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वाचन कोणी घेतलं?" तू म्हणालास, फोनवर दिसतं. "थर्मामीटर सावलीत होता का? जमिनीपासून किती उंच? भिंतीला टेकवलेला का मोकळा?" तू आईला हाक मारलीस. तात्या मला म्हणाले, "पोरगा गोड हाय, पण ऐकीव लिहितो." तरी जाताना दारात थांबले. "उणे पस्तीसात पोरं शाळेत जातात? कानटोपी हाय ना त्यास्नी?"

तात्यांचं रजिस्टर हा त्यांचा खरा संसार. एक दिवस कोरा नाही. त्यांच्या एकुलत्या मुलाच्या, महेशच्या लग्नाचा मुहूर्त सकाळी होता, तो त्यांनी गुरुजींना गाठून दुपारवर नेला. वऱ्हाडाला कशेडी घाट उतरून खेडला जायचं होतं आणि नवऱ्याचा बाप साडेआठची वाट बघत परसात उभा होता. महेश आता विरारला असतो. गणपतीला येतो. दीड दिवस.

काकी गेल्या तेव्हाची गोष्ट मात्र मी कधी हसून सांगितली नाही. त्या पहाटे गेल्या. घरात माणसं जमली होती. आठ पंचविसाला तात्या त्यांच्या उशापासून उठले आणि परसात गेले. पाच मिनिटांनी परत येऊन तिथेच बसले. गल्लीतल्या बायकांनी महिनाभर त्यावर तोंडसुख घेतलं. काय माणूस आहे, बायकोचं प्रेत घरात आणि हा डबे उघडतोय. मी त्या बायकांमध्ये होते. हे लिहून ठेवते, कारण मी नीटनेटकी बाई आहे आणि नोंद अर्धवट ठेवणं मला आवडत नाही.

काकींनंतर त्यांच्याशी रोज बोलणारं एकच माणूस उरलं, अलिबागचे एक कारकून. तात्या नोकरीत असताना ते रोज सकाळी पोलादपूरला फोन करून आकडा घ्यायचे. तात्या निवृत्त झाले तरी त्यांनी सवयीनं घरी फोन चालू ठेवला. आठ पस्तिसाला भिंतीपलीकडे घंटा वाजायची. तात्या फोन उचलून म्हणायचे, "हॅलो, महाड." जणू अख्खं शहर बोलतंय. मग आकडा. मग, "हो हो. तुमची तब्येत?" बस्स, एवढंच. पुढे जागोजागी आपोआप मोजणारी यंत्रं बसली, ते कारकूनही निवृत्त होऊन मुलाकडे ठाण्याला गेले आणि घंटा बंद झाली. महेश म्हणाला, बाबा, लँडलाइन काढून टाका आता. तात्यांनी काढली नाही. वाचन घेऊन आले की ते अजूनही फोनशेजारच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसतात. खुर्ची करकरते, म्हणून मला कळतं.

आता पुराचा किस्सा. तो तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा ऐकला आहे की रेवा तो नकलेसकट करून दाखवते. तरी पुन्हा सांगते, कारण या वेळी तो वेगळा आहे.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, काकीही गेल्या होत्या. आदल्या दिवसापासून पावसानं श्वास घेतला नव्हता. सकाळी पुराचा भोंगा झाला. बाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागले. पाणी आमच्या मागच्या दारानं आत आलं, नेहमीसारखंच, पाहुण्यासारखं हळूहळू. मी पुस्तकं वर न्यायला घेतली. आधी शब्दकोश, मग व्याकरणं, मग बाकीची लेखकाच्या आडनावाप्रमाणे. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मी 'एम'पर्यंत आले होते. तेवढ्यात भिजलेलं कपाट झुकलं आणि माझ्यासकट खाली आलं. वरचं भिंतीवरचं घड्याळही पडलं. ते आठ वाजून अठरा मिनिटांवर बंद पडलं आणि आजही तसंच आहे, दुरुस्त होत नाही. माझा पाय कपाटाखाली अडकला. बसल्या जागी पाणी छातीला लागत होतं. मी ओरडले नाही. कुणाला हाक मारायची ते आठवेना.

आणि मागच्या दारातून तात्या आले. कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावर छत्री, हातात खुणांचा ग्लास.

इथे रेवा नेहमी उठून उभी राहते आणि हात वर करून दाखवते. पुरात माणसं दोर आणतात, बांबू आणतात. तात्या माझ्या घरातलं पाणी मोजायला ग्लास घेऊन आले. छत्री टाकून त्यांनी एका हातानं कपाट उचललं, कारण दुसऱ्या हातात ग्लास होता. मला जिन्यावर चढवलं. दुपारी होडी येईपर्यंत ते माझ्याबरोबर वरच्या पायरीवर बसून होते. पायाला कळा लागल्या होत्या. ते खडूनं पायऱ्यांवर रेघा मारत होते.

"सातवी बुडली, बाई. अजून सहा हायत. तासाला एक धरली तरी संध्याकाळ होईल. तोवर होडी येतेय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मोजतोय ना मी. तुमी कशाला घाबरता?"

मी इतकी वर्षं हा किस्सा लग्नकार्यात, शाळेच्या मेळाव्यात, तुमच्याशी फोनवर सांगत आले. तात्या समोर असले तर तेही हसायचे आणि पुस्ती जोडायचे, "आणि बाई पुस्तकं लावत होत्या, ए बी सी डी."

या जानेवारीत पुण्याहून केतकी नावाची मुलगी आली. ती घाटाखालच्या पावसाचा अभ्यास करते. शेतकरी, शाळा, तात्यांसारखी निवृत्त माणसं, जिथे कुणी घरच्या घरी नोंदी ठेवल्या आहेत तिथे जाऊन त्या उतरवून घेते. तात्यांचं नाव तिला पाचाडच्या एका खानावळवाल्यानं सांगितलं. तिचा फोन आल्यापासून तात्यांची झोप उडाली. शर्ट दोनदा इस्त्री झाला. मला बोलावणं आलं, "इंग्रजीत विचारलं तर तुमी हायतच."

मुलगी वाईहून महाबळेश्वरमार्गे घाट उतरून आली होती आणि येताना तिनं भेट आणली होती. स्ट्रॉबेरीचा खोका. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि तसाच माझ्याकडे सरकवला. "बाईंच्या घरी आवडीनं खातात."

मग तात्यांनी रजिस्टरं तिच्यापुढे मांडली. सोळा वह्या, एका मापाच्या, एका शाईच्या. ती पानांचे फोटो काढत गेली. तात्या शेजारी अंग चोरून उभे होते, निकाल बघायला आलेल्या पालकासारखे. तिनं त्या पुराच्या दिवसाचं पान काढलं आणि थांबली.

"आजी, हे वाचता का जरा? शेरा बारीक आहे."

मी चष्मा लावला. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून बाटली भरत आली की तात्यांनी ती मोजून ओतली होती. प्रत्येक वेळ लिहिलेली. दुपार, संध्याकाळ, पहाटे चार, सकाळी सहा. त्यापुढे साडेआठचा रकाना. कोरा.

सगळ्या सोळा वह्यांतली ती एकच कोरी जागा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरीक्षक जागेवर नव्हता.'

केतकीनं लॅपटॉपवर काहीतरी बघितलं. मग पुन्हा बघितलं. "काका, त्या दिवशीचा वरचा, महाबळेश्वरचा आकडा माझ्याकडे आहे. तुमची सहापर्यंतची बेरीज त्याच्या अगदी जवळ आलीये. शेवटच्या अडीच तासांचा पाऊस धरला तर," ती थांबली, "तर महाडचा जास्त होतो."

"ठाऊक हाय," तात्या म्हणाले.

"मग शेवटची बाटली? पुरात गेली का?"

"ओट्यावर पाणी चढलं. नदी आणि पाऊस एक झाला. मग काय मोजणार?"

"त्याच्या आधी बघितली होती?"

"समोरच उभा होतो. बाटली भरत आलेली दिसत होती."

"मग तेव्हाच का नाही मोजलीत? पाणी चढताना दिसत असेल ना?"

तात्यांना हा प्रश्न कळला नाही, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. "साडेआठला बारा मिनिटं होती," ते म्हणाले.

त्या मुलीनं हळूच सांगितलं की अंदाजे आकडा दिला तरी चालेल, ती त्यापुढे तशी खूण करील, आणि तिच्या अभ्यासात महाडचं नाव पहिलं येईल. तात्यांनी मान हलवली.

"दिसलं म्हणजे मोजलं नाय. तुमी फक्त सहापर्यंतचं लिहा. पुढं कोरं."

"पण काका, तुम्ही तिथेच उभे होतात म्हणता. मग बारा मिनिटांत कुठे गेलात?"

"कामात होतो," तात्या म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

मी इंग्रजीची शिक्षिका आहे, पण गणितात इतकं कच्चं कुणी नसतं. साडेआठातून बारा मिनिटं वजा. माझं बंद पडलेलं घड्याळ भिंतीपलीकडेच टांगलेलं होतं. ज्या माणसानं बायकोच्या उशापासून उठून वाचन घेतलं, तो गुडघाभर पाण्यात छत्री धरून बारा मिनिटं सरायची वाट बघत होता. आयुष्यभर मागितलेला तो एक दिवस समोर बाटलीत भरला होता, मोजायचा ग्लास हातात होता, आणि भिंतीतून त्याला माझं कपाट पडल्याचा आवाज आला.

आणि मी त्या ग्लासाची नक्कल करून दाखवत आले.

केतकी गेल्यावर मी विचारलं, "तात्या, इतकी वर्षं मी तो किस्सा सांगते. बोलला का नाहीत?"

ते बशा विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "चांगला सांगता की तुमी. लोक हसतात."

"महाबळेश्वराचं राहिलं ना पण."

"ते कुठं पळतंय?" मग नळ बंद करून म्हणाले, "काकी गेली तेवा मी उठलो, बाई. पाच मिनिटं. ती गेलेलीच होती, तिला काय कळणार, असं मनाशी म्हटलं. पण परत आलो तर तिच्याजवळ माझी जागा कोणीतरी घेतलेली. पाच मिनिटंच. त्या दिवसाचं वाचन हाय माझ्याकडं. एकदम बरोबर हाय. ते पान मी उघडत नाय."

स्ट्रॉबेरीचा खोका उचलून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलमध्ये साडेआठ वाजले. परसात नरसाळं वाजलं. मग वही उघडल्याचा आवाज, मग खुर्चीची करकर. आठ पस्तिसाला मी तात्यांचा लँडलाइनचा नंबर लावला.

भिंतीपलीकडे घंटा वाजली. दोनदा, तीनदा, चारदा. मला वाटलं, उचलत नाहीत. मग तो जुना आवाज आला, थोडा घोगरा.

"हॅलो, महाड."

"तात्या, आजचं वाचन?"

मी शेजारून बोलतेय हे त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत असणार, एका कानानं फोनमधून आणि दुसऱ्यानं भिंतीतून.

"शून्य," ते म्हणाले. "शून्य मिलीमीटर."

"लिहून घेतलं. तुमची तब्येत?"

"हाय, बरी हाय. तुमचा पाय?"

मी खरंच लिहून घेतलं. शाळेची एक कोरी हजेरीवही होती, तीच वापरते. आज मार्च लागला. वहीत सगळी शून्यं आहेत, एकाखाली एक. पाऊस यायला अजून तीन महिने आहेत आणि रोज आठ पस्तिसाला महाड फोन उचलतं.

मुलांनो, गेल्या रविवारी तुमचा फोन आला नाही. आईनं नंतर कळवलं की मुलांकडे सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं. मला राग नाही. फक्त पुढच्या रविवारी विशेष काही नसेल, तर तेवढंच सांगायला फोन करा. मी शून्य लिहीन. जागा कोरी सोडवत नाही.